बांधावरचं सगळंच गवत कापू नका, एक पट्टा दिवाळीच्या पुढं राहू द्या

मा. संपादक साहेब,

स.न.वि.वि.

मी पाटोदा तालुक्यातली, जि. बीड. पत्र लिहायची सवय नाही, लेकीनं मोबाईलवर बोलून टाईप करायचं शिकवलंय म्हणून बोलत बोलत लिहायलेय, कुठं काना मात्रा चुकला असला तर तुमच्याकडच्या माणसानं सुधारून घ्यावा.

२०२५ च्या सप्टेंबरच्या पावसापासून तुमच्या पेपरात रोज खरडून गेलेल्या जमिनीचे फोटो यायलेत. सोयाबीन पाण्यात, कापूस काळा पडलेला, विहिरी बुजलेल्या, ते सगळं आम्ही डोळ्यानं बघितलंय, त्याच्यावर मी काय नवीन सांगणार. पण एक गोष्ट कुठंच छापून आली नाही आणि ती आताच छापली पाहिजे, महिन्यानं छापून उपयोग नाही, म्हणून हे पत्र.

आमची साडेतीन एकर बरड, उताराची, वीतभर माती आणि खाली मुरुम. दोन बांध आहेत. वरच्या बांधावर साठ पावलं मारवेल गवत आहे, मी लावलेलं, बी टाकून. खालच्या बांधावर काही नव्हतं, म्हणजे गाजर गवत होतं, ते काय धरतंय. ज्या रात्री पाऊस उतरला त्या रात्री माळावरनं पाण्याचा लोंढा आला, सकाळी आम्ही छत्री घेऊन गेलो तर वरच्या बांधावरचं गवत तेल लावून विंचरल्यासारखं एकाच अंगाला झोपलेलं, पाणी त्याच्यावरनं गेलेलं, पण बांध जागच्या जागी, उलट वरच्या अंगाला चार बोटं गाळ अडकून बसलेला. खालचा बांध तीन ठिकाणी फुटला, एका ठिकाणी तर बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलं आणि त्याच्यातनं आमची तूर मातीसकट गेली. एकच रान, एकच पाऊस.

आता कुणी म्हणू नका की ही बाई गवतानं पूर अडवायला निघाली. नदीच्या काठाला ज्यांच्या रानात पुरुषभर पाणी होतं तिथं गवत काय आणि दगडी बांध काय, काहीच टिकलं नाही. मी आमच्यासारख्या उताराच्या, माळाच्या रानाचं सांगायलेय.

तर त्या दिवसापासून गावातली माणसं बांध बघायला यायलेत आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, बी कुठून आणलं. इथंच घोडं पेंड खातंय. कृषी सेवा केंद्रात जा, मक्याचं बी मिळतंय, कडवळाचं मिळतंय, घासाचं मिळतंय, नेपिअर गवताच्या कांड्या तर यूट्यूब बघून लोक कुठून कुठून मागवायलेत, पण नेपिअरला पाणी लागतं हो, आमच्याकडं एप्रिलात माणसाला टँकर. मारवेल, पवना, डोंगरी, ही आपल्या माळाची गवतं, एकदा लागली की वर्षानुवर्षं तीच फुटतात, उन्हाळ्यात वाळून कोळसा झालेलं दिसतं आणि पहिल्या पावसाला चार दिवसात हिरवं. त्याचं बी मात्र दुकानात नाही. मी एकदा एका दुकानातनं पाकिट आणलं होतं, दुकानाचं नाव नाही घेत, घरी येऊन हातावर चोळलं तर नुसतं फोलपट, फुंकर मारली की हात रिकामा.

मग मी काय केलं. गावाच्या वर म्हसोबाचा माळ आहे, तिथं कुणी विळा लावत नाही, देवाचं गवत म्हणून. सासूबाई सांगायच्या की पूर्वी सगळ्या माळावर असंच कमरेएवढं गवत असायचं, पेंढ्या बांधून बाजाराला जायच्या, बहात्तरच्या दुष्काळात त्या खडी फोडायला गेल्या आणि सुकडी खाल्ली तेव्हापासून माळ उघडा पडत गेला असं त्यांचं म्हणणं. खरं खोटं म्हसोबाला माहीत, पण त्याच्या दगडाभोवती गवत राहिलंय एवढं खरं. २०२१ च्या दिवाळीत मी तिथनं पिशवीभर बी आणलं.

मारवेल ओळखायला सोपं आहे. काडीच्या पेऱ्यापाशी पांढऱ्या केसांचं कडं असतं, बोट फिरवलं की लागतं. तुरा जांभळट, आणि हाताची बोटं पसरावीत तशी चारपाच कणसं एका जागेवरनं निघतात. पिकलं की मूठ हलकी धरून खालनं वर ओढायची, जेवढं आपोआप हातात येतं तेवढंच पिकलेलं, ओरबाडून घेतलेलं कच्चं. सगळं एकदम पिकतही नाही, आज गेलं की परत चार दिवसानं जावं लागतं.

२०२२ च्या मृगाला मी ते बी पाभरीनं पेरलं. बाजरीसारखं, दोन बोटं खोल. एक काडी उगवली नाही. मालक म्हणले, गवत पेरायला निघालेली पहिलीच बाई बघितली, गवत का पेरायचं असतंय व्हय, ते काढायचं असतंय. जावेनं पण तोंडाला पदर लावून हसून घेतलं. मी गप्प बसले पण डोक्यातनं जाईना, म्हणलं म्हसोबाच्या माळावर कोण पाभर धरायला जातंय, तिथं कसं उगवतं.

मग एक दिवस बसून बी नीट बघितलं, साहेब, त्याच्यासारखी गंमत नाही. बी जोडीजोडीनं असतं, एकाला कुसळ असतं आणि एकाला नसतं. बिनकुसळाचं ते पोकळ, त्याच्यात दाणा धरतच नाही, म्हणजे पिशवीतलं अर्धं तिथंच गेलं. कुसळवाल्यातही सगळ्यात दाणा असतोच असं नाही, नखानं दाबून बघावं लागतं, टणक लागलं तर आहे. आणि ते कुसळ, वाळलेलं असताना पीळ पडलेलं आणि मधेच मोडल्यासारखं असतं, तळहातावर ठेवून पाण्याचा थेंब टाका, ते हळूहळू फिरायला लागतं, पीळ सुटतो, वाळलं की परत पीळ बसतो. कुसळी गवताचं कुसळ तर याच्यापेक्षा दांडगं, मेंढराच्या कातडीत घुसतं ते असंच फिरून फिरून. म्हणजे पाऊस आला, ऊन पडलं, परत पाऊस आला की बी स्वतःच वळवळ करत भेगेत जाऊन बसतं. ज्याला जमिनीत जायची अक्कल देवानं दिलीय त्याला मी दोन बोटं खाली गाडून मारलं होतं. मातीचा नखभर थर त्याला पुष्कळ होतो.

दुसरी गोष्ट कळली ती तुमच्या पेपरमुळं. लेक कृषीच्या डिप्लोमाला आहे, तिनं सांगितलं उगवण बघ. रविवारची पुरवणी ओली करून त्याच्यात १०० बिया ठेवल्या, घडी करून स्टीलच्या डब्यात, रोज पाणी शिंपडायचं. कार्तिकात नवीन बी ठेवलं तर १०० मधे ४ उगवल्या. मी म्हणलं गेलं हे पण. पण मडक्यातलं तेच बी पुढं ज्येष्ठात परत ठेवलं, तर पाचव्या सहाव्या दिवशी कागदावर पांढऱ्या सुयाच सुया, मोजल्या तर ३७. दाबून निवडून घेतलेलं ठेवलं तर साठीच्या पुढं गेलं. लेकीनं तिच्या सरांना विचारलं तर ते म्हणले या गवतांच्या ताज्या बियांना झोप असते, काही महिने मुरल्याशिवाय त्या उठत नाहीत. अंजन गवताचं पण तसंच आहे म्हणे. मला हे लई शहाणपणाचं वाटलं, दिवाळीत गळलेलं बी एखाद्या अवकाळीला फसून उगवलं असतं तर पुढच्या उन्हाळ्यात करपून गेलं असतं की. म्हणून यंदाचं बी कपड्याच्या पिशवीत नाहीतर मडक्यात, सावलीत वाळवून, आणि पेरायचं ते पुढच्या मृगाला, त्याच्याही पुढच्या वर्षी पेरलं तरी चालतंय. फक्त प्लास्टिकमधे कोंडू नका, माझी एक पिशवी बुरशीनं गेली.

२०२३ ला मी वर वरच फेकलं. उगवलं छान, पण निम्मं मुंग्यांनी नेलं, रांगच्या रांग कुसळं डोक्यावर घेऊन चाललेली, लग्नाच्या वरातीसारखी. राहिलेलं मी स्वतः खुरपून काढलं. हो, मीच. मारवेल लहान असताना केसासारखं बारीक असतं आणि शेजारी उगवलेल्या दुसऱ्या तणात आणि त्याच्यात काडीचा फरक दिसत नाही, मी सवयीनं खुरपं चालवत गेले आणि बांधाच्या टोकाला गेल्यावर लक्षात आलं की बाई आपण काय करायलोय. थोडंफार वाचलं होतं त्याच्यावर ऑगस्ट अख्खा कोरडा गेला, आठवत असेल तुम्हाला. तेही संपलं. त्या वर्षी मालक हसले नाहीत, म्हणले जाऊ दे आता.

२०२४ ला मी दोन्ही हातानं धरलं. एकतर मे महिन्यात मातीच्या गोळ्या केल्या, एक वाटी बी, एक वाटी शेण, तीन वाट्या चिकणमाती, एक वाटी वाळू, कालवून हरभऱ्यापेक्षा जराशा मोठ्या गोळ्या वळायच्या आणि सावलीत वाळवायच्या. टीव्हीपुढं बसून चार पाट्या झाल्या, घरातली पोरं पण बसली. गोळीत असलं की मुंगी नेत नाही, वारा उडवत नाही, आणि चांगला भिजवणारा पाऊस पडल्याशिवाय गोळी फुटत नाही. आणि दुसरं, दुधाच्या रिकाम्या पिशव्यात रोपं केली, वीतभर झाली की जुलैमधे भुरभुर पावसाच्या दिवशी बांधावर हातभर अंतरानं लावली. रोपाचं काम जास्त, पण खुरपताना ओळखू येतं, ओळीत आहे ते आपलं. पहिल्या वर्षी शेळ्यांना तिकडं फिरकू दिलं नाही, बाभळीच्या फांद्या लावल्या, तरी एक शिरलीच. आमच्या ११ उस्मानाबादी शेळ्या आहेत, त्यांना फांद्या म्हणजे बडीशेप. पहिल्या वर्षी गवत वर कमी आणि खाली जास्त वाढतं, लोकांना वाटतं लागलंच नाही. यंदा बघा, एका ठोंबाला माझ्या दोन्ही हातांचा वेढा पुरत नाही.

आता मुद्द्याचं. पुरानंतर सगळीकडं बांध परत घालायची बोलणी चालू आहेत, कुणी मजुरानं, कुणी जेसीबीनं, उन्हाळ्याच्या आत सगळे नवे बांध उभे राहतील. नवा बांध म्हणजे मोकळी माती, पहिल्या पावसात निम्मी वाहून जाणार. त्याच मातीवर मृगात हे गवत टाकायला याच्यासारखी वेळ परत यायची नाही. पण त्याच्यासाठी बी लागणार, आणि ते बी आत्ता, या महिन्यात आणि पुढच्या महिन्यात पिकायलंय, माळावर, बांधावर, स्मशानाच्या कडेला, रोडच्या कडेला जिथं म्हणून थोडं शिल्लक आहे तिथं. यंदा पाऊस लांबलाय म्हणून निसवायला पण उशीर झालाय, काही ठिकाणी तर अजून फुलोऱ्यातच आहे.

आणि आपण करतो काय, तर नेमकं फुलोऱ्यात कापतो. त्यात चूक काही नाही, वैरण म्हणून तेव्हाच चांगलं असतं, बी पिकलं की काडी होते, जनावर तोंड वळवतं. कुसळी तर कुसळ यायच्या आधीच कापली पाहिजे, नाहीतर मेंढरांचे ओठ फाटतात, हे कुठल्याही धनगराला विचारा. पण सगळंच कापलं, दर वर्षी कापलं, तर बी पडणार कुठून? ठोंब म्हातारं होतं, एक एक करून मरतं, त्याच्या जागी नवीन येत नाही, गाजर गवत मात्र वाटच बघत असतंय. हे आपल्या हातानंच झालंय, त्याला दुष्काळाचं नाव देऊन उपयोग नाही.

आमच्या भागाची अजून एक अडचण आहे ती पुण्यामुंबईच्या माणसाला कळायची नाही. बी पिकायचा टाईम आणि ऊसतोडीला जायचा टाईम एकच. दसरा झाला की मुकादम दारात, उचल घेतलेली, दिवाळी कशीबशी करून गाड्या निघतात. मी आणि मालक १४ हंगाम कोयत्यावर गेलो, त्या १४ वर्षात मी आमच्या बांधावर पिकलेलं गवत कधी बघितलंच नव्हतं, जाताना हिरवं आणि येताना बुडखे. तिकडं जनावराला उसाचं वाढं मिळायचं त्यामुळं गवताची आठवणही यायची नाही. आता गुडघे गेले म्हणून घरी आहे, म्हणून हे उद्योग सुचले. तर जे जाणार आहेत त्यांनी जायच्या आधी घरी राहणाऱ्या म्हाताऱ्यांना, शाळेतल्या पोरांना एवढं सांगून जावं, बांधाचा दहा हात पट्टा ठेवा, विळा लावू नका, दिवाळी झाल्यावर दर चार दिवसानं जाऊन मुठीनं बी काढा आणि मडक्यात टाका. दहा हातात एका घराच्या बांधापुरतं बी निघतं, मी काढून बघितलंय. बी काढून झाल्यावर कापा की ते पण, वाळलेलं असलं तरी गंजीत चालतंय.

काही जण म्हणतील ठोंबं लावा, बी कशाला. बरोबर आहे, ठोंबानं लवकर लागतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं मारवेलचे चांगले वाण काढलेत, फुले मारवेल ०६-४० वगैरे, ते ठोंबानंच लावतात आणि थोडं पाणी देऊन वैरणीला ज्याला लावायचं त्यानं जरूर लावावं. पण कोरड्या बांधाला, मुरमाला, सगळ्या गावाला पुरेल एवढी ठोंबं आणायची कुठून आणि वाहायची कशात. शिवाय एकाच ठोंबाची हजार ठोंबं केली तर ते सगळं एकच झाड झालं, वेगवेगळ्या ठोंबांच्या बियांमधे मात्र एक वाळलं तरी एक टिकतं. आणि आपल्याच माळाचं बी आपल्या उन्हाला सरावलेलं असतं.

जाता जाता झाडांचं पण बोलते, राग मानू नका. गायरानावर झाडं लावायचे फोटो तुमच्या पेपरात नेहमी असतात. लावावीत झाडं, पण आमच्या इथं एका वर्षी चांगल्या पवन्याच्या ठोंबात मशीननं खड्डे पाडले, एप्रिलपर्यंत रोपं वाळली आणि खड्ड्यात गाजर गवत आलं. सरकारी कागदावर माळ म्हणजे पडीक. जिथं आमच्या भागातली देवणी, लाल कंधारी गुरं आणि हजारो मेंढरं जगली त्याला पडीक म्हणतात. लेक सांगत होती की २०२६ साल संयुक्त राष्ट्रांनी कुरणांचं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून धरलंय, तर निदान त्या निमित्तानं तरी खड्डा पाडायच्या आधी खाली काय उगवलंय ते वाकून बघावं.

माझी तुम्हाला विनंती एवढीच की हे पत्र दिवाळीच्या अंकापर्यंत ठेवू नका, आधीच छापा, लोकांचे विळे आत्ताच चालू आहेत. जागा कमी असली तर झाडांचं कापा, मालकांचं कापा, पट्ट्याचं तेवढं राहू द्या.

आपली एक वाचक,
पाटोदा तालुका, जि. बीड

ता.क. बी काढायला जाताना सुती जुनी साडी नेसावी, सिंथेटिकला कुसळं चिकटली की निघता निघत नाहीत. आणि सकाळी दव असताना जाऊ नये, ओलं बी मुठीत येत नाही, दहा वाजून गेल्यावर जावं.